औंढ्याच्या बसस्टँडवरचे क्लिंगॉन

क्लिंगॉन ही भाषा अमेरिकेत जन्मली, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. लिहू द्या. जन्मदाखला अमेरिकेचा असेल, पण वळण हिंगोली जिल्ह्याचं आहे, आणि हे मी पुराव्यानिशी सांगायला तयार आहे.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कुळकथा. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली, तीन हंगाम चालली, ७९ भाग झाले आणि बघणारे कमी पडतात म्हणून बंद करण्यात आली. बंद पडल्यावर ती जी चालू लागली ती अजून चालूच आहे. त्यात एंटरप्राइझ नावाचं यान, त्यावर कर्क नावाचा कॅप्टन, टोकदार कानांचा स्पॉक, आणि १९६७पासून अधूनमधून भांडायला येणारी क्लिंगॉन नावाची तापट जमात. गंमत अशी की त्या मूळ मालिकेत हे क्लिंगॉन क्लिंगॉन बोलतच नसत. फाडफाड इंग्रजी बोलत. त्यांच्या तोंडी स्वतःची भाषा आली ती १९७९च्या चित्रपटात, आणि तिचे पहिले मोजके शब्द रचले ते जेम्स डूहान यांनी, म्हणजे मालिकेत यानाचा इंजिनियर झालेल्या नटानं. शत्रूला भाषा दिली ती आपल्याच मेकॅनिकनं. पुढं १९८४च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं त्या चार शब्दांना व्याकरण शिवलं आणि १९८५मध्ये कोशही छापून टाकला.

ओक्रँडसाहेबांपुढं पेच असा होता की भाषा माणसांची वाटता कामा नये. म्हणून त्यांनी वाक्यरचनाच उलटी केली. आपल्याला शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद असं घोटून घेतात. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म. साहेबांनी धरलं कर्म, क्रियापद आणि शेवटी कर्ता. पृथ्वीवर अशी ठेवण फारच थोड्या भाषांत सापडते. ब्राझीलच्या जंगलातली हिश्कार्याना ही त्यांतली एक. एवढं दुर्मीळ काहीतरी शोधून काढल्याच्या आनंदात साहेब असतील. त्यांना कुणी औंढा नागनाथच्या बसस्टँडवर आणून उभं केलं नाही, एवढंच.

तिथं अर्धा तास उभं राहा आणि ऐका. “डोकं खाल्लं या पोरानं!” कर्म, क्रियापद, कर्ता. “गाडी चुकवली तुझ्या मामानं!” कर्म, क्रियापद, कर्ता. “वाटोळं केलं सरकारनं!” “हळद भिजवली मेल्या पावसानं!” “दिवाळं काढलं सोयाबीननं!” एक वाक्य इकडचं तिकडं नाही. नियम सरळ आहे : मराठी माणूस शांत असला की शाळेतल्या व्याकरणानं बोलतो आणि डोकं फिरलं की क्लिंगॉन व्याकरणानं. क्लिंगॉन लोक कायमच भडकलेले असल्यामुळं त्यांच्यात दुसरी रचना शिल्लक राहिली नाही, असं माझं नम्र शास्त्रीय मत आहे. आमच्याकडं निदान पेरणीच्या आधी चार दिवस कर्ता पहिला येतो.

दुसरा पुरावा नमस्काराचा. क्लिंगॉनमध्ये ‘नमस्कार’, ‘कसे आहात’ वगैरे काही नाही. समोरचा दिसला की ‘नुक्नेख’ म्हणायचं, म्हणजे “काय पाहिजे?” परदेशी अभ्यासकांना याचं कोण कौतुक! योद्ध्यांची भाषा, फालतू शिष्टाचार नाही, वगैरे. अहो, आमच्या गावात कुणाच्याही ओट्यावर चढा. आतून पहिला प्रश्न येतो, “काय काम काढलाव?” बसा, पाणी, चहा, लेकीबाळींची चौकशी हे सगळं यथासांग होतं, पण त्याच्यानंतर. आधी कामाचा खुलासा.

उच्चारांचंही तेच. क्लिंगॉनचा ‘ड’ जीभ टाळ्याकडं उलटी वळवून काढायचा असतो. अमेरिकेतली मंडळी त्यासाठी संमेलनं भरवतात, आरशासमोर बसतात. आपलं लेकरू डबा आणि डोकं याच्यासाठी तो ‘ड’ दात यायच्या आधी काढतं. घशातून खरवडून येणारे जे एक-दोन वर्ण आहेत, ते हिंगोलीच्या जुन्या मोहल्ल्यात दखनी बोलणारा कुठलाही चाचा सहज काढून देईल. फक्त एक जपायला हवं. क्लिंगॉन लोक एकमेकांना निरोप देताना ‘क़प्ला’ म्हणतात, म्हणजे यशस्वी हो. आणि दखनीत ‘क़’चा ‘ख़’ होतो, हे निजामाच्या मुलखात राहिलेल्याला सांगायला नको. तिथं क़बर आणि ख़बर यांतला फरक संदर्भावरूनच लावायचा असतो. आता परीक्षेला निघालेल्या पोराला दारात उभं राहून कुणी ‘खपला’ असा आशीर्वाद दिला तर घरातल्या बायका काय करतील याची कल्पना करा.

ही मालिका आमच्याकडं आली ती तब्बल दोन दशकं उशिरानं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शननं ती रविवारी सकाळी दाखवायला घेतली. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता; तो झाला १ मे १९९९ला. आम्ही परभणी जिल्ह्यातले, आणि आळीत टीव्ही एकच. त्याच्यासमोर सगळी आळी. छपरावर एक जण अँटेना धरून, खाली एक जण “आलं… गेलं… अरे होतं तसं ठेव” असं ओरडत. अंतराळवीर आणि पृथ्वी यांच्यातलं दळणवळण इतक्या जिवंतपणे त्या मालिकेतसुद्धा दाखवलेलं नव्हतं.

समीक्षक त्या मालिकेवर एक आक्षेप नेहमी घेतात : कुठल्याही ग्रहावर उतरलं तरी तिथले लोक इंग्रजीच कसं बोलतात? आम्हाला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. आमच्या लेखी कर्कसुद्धा परग्रहाचीच भाषा बोलत होता. यानावरचे आणि ग्रहावरचे एकाच अगम्य बोलीत बोलतात, त्याअर्थी ते एकमेकांचे भावकीतले असणार आणि भांडण बांधाचं असणार, असा तर्क आमच्या आजोबांनी पहिल्याच रविवारी केला आणि शेवटपर्यंत बदलला नाही. आजीला तेवढा स्पॉक खटकायचा. “कुन्या मास्तरनं कान पिळले गं माय या लेकराचे?”

मालिकेत पुढं एक सर्वभाषी दुभाषा यंत्र आलं. आमच्याकडं ते पहिल्यापासून होतं. बँकेत नोकरीला असलेले एक काका भाषांतर करायचे. सात-आठ वाक्यांचा संवाद होऊन गेला की काका घसा खाकरून सांगायचे, “हा म्हनतोय जाऊ. ह्यो कानवाला म्हनतोय नगं.” मग पुन्हा पाच मिनिटं इंग्रजी. पुन्हा काका, “अजून तेच चाललंय.” पुढं मोठेपणी मी सगळे भाग नीट, कळतील अशा सबटायटलांसकट पाहिले. काकांचं भाषांतर अतिशय नेमकं होतं. ७९ भागांत त्याच्यापलीकडं फारसं काही घडलेलं नाही.

तर भाषा कळत नसल्यामुळं आम्ही ती बनवायला घेतली. आम्ही म्हणजे मी, माझा आत्तेभाऊ आणि पुढच्या गल्लीतली दोन पोरं. पाया तयारच होता, च-भाषेचा. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि पुढं ‘च’ लावायचा. ‘तुला काय पाहिजे’चं ‘चलातु चयका चहिजेपा’. त्यावर आम्ही एंटरप्राइझवरून उचललेले शब्द बसवले. वीज आली की ‘इनरजाय’. गुरुजींच्या हातातली छडी ‘फेजर’. ‘वारप’ म्हणजे वेग. वारप एक ही परभणी गाडी, वारप दोन हा लग्नातून परतणारा ट्रॅक्टर. वारप तीनला आम्हाला उदाहरणच सापडेना, म्हणून ते मोकळं ठेवलं. क्रियापदं कमी पडायची, कारण टीव्हीवरची माणसं बटणं दाबण्याखेरीज फार काही करत नसत आणि आम्हाला तर गोठा झाडायचा असायचा.

व्याकरण, शब्दसंग्रह, वहीच्या मागच्या पानावर कोश असा सगळा थाट झाला. मग एका दुपारी आम्ही परसात उभं राहून, मोठ्यांच्या कानावर पडेल अशा आवाजात, शेजारच्या कैऱ्यांविषयीचा बेत या भाषेत पक्का केला. स्वयंपाकघरातून आईचं स्वच्छ मराठीत उत्तर आलं, “हात लावून तर बगा.”

आईनं व्याकरण शिकलेलं नव्हतं. चार पोरं कुजबुजायच्या ऐवजी मुद्दाम मोठ्यानं बोलतात म्हणजे विषय कैऱ्यांचाच असणार, हे ओळखायला कोश लागत नाही. भाषा तिथंच बसली. खरं दुखणं भाषेत नव्हतंच. आमच्याकडं लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या बहिणींची च-भाषा मात्र वर्षानुवर्षं धडधाकट चालली, ती आजही त्या एकमेकींशी फोनवर बोलतात आणि त्यांचे नवरे शेजारी बसून पेपर वाचत असतात. त्यांच्याकडं माल होता.

पुढं दूरदर्शननं १९८९मध्ये ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणली. तिच्यातला झखाकू नावाचा परग्रही खलनायक सगळ्यांना कळेल अशा हिंदीत धमक्या द्यायला लागला आणि आमच्या मनातून अंतराळ उतरलं ते उतरलंच. ज्याचं बोलणं बँकेतल्या काकांशिवाय कळतं, तो कसला परग्रहवासी?

अक्षरं उलटीपालटी करण्याचा हा पोरखेळ म्हणून कुणी नाक मुरडू नये. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. बक्षीसही मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. जविना उलटं करून नाविज. विश्वाच्या रचनेवर फ्रेड हॉइलबरोबर काम केलेला माणूस, पण मराठी परीक्षकांना चकवायची वेळ आली तेव्हा त्यांनाही आमच्या परसातलाच इलाज आठवला.

खऱ्या कारागिरांची बात निराळी. आता मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांच्यापुढं ओक्रँडसाहेबही शिकाऊ उमेदवार.

हिंगोलीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या इंग्रज अंमलदारांखालच्या फौजेची छावणी होती. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. कापडाचा धंदा, गोड बोलणं, साहेबलोकांत ऊठबस. एकदा तो मुलकी अंमलदार कॅप्टन रेनॉल्ड्सकडं गेला आणि मुंबईहून कापड आणायचंय, परवाना द्या म्हणाला. साहेबानं दिला. कापड वेळेवर आलं, छावणीत उघड विकलंही गेलं. पुढं ठग पकडले जाऊ लागले तेव्हा हरिसिंगनंच कबुली दिली की ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. त्याला नोकरचाकरांसकट वाटेत मारून माल सरकारी परवान्यावर आणलेला होता. ही हकिगत कर्नल मेडोज टेलरनं त्याच्या १८३९च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिलीय. तो म्हणतो, त्या माणसाशी माझाही व्यवहार होता.

या मंडळींची एक बनवलेली भाषा होती, रामसी. विल्यम स्लीमननं तिचा कोशच १८३६मध्ये कलकत्त्याला छापला, म्हणजे क्लिंगॉनच्या कोशाच्या दीडशे वर्षं आधी. त्यात पदं ठरलेली. गोड बोलून वाटसरूला जाळ्यात ओढणारा तो सोठा. गळ्याला फास लावणारा भुरतोट. खड्डा खणणारा लुघा. आणि ज्याला मारायचं तो वाटसरू म्हणजे बनिज, माल. ठगी खरोखर किती होती आणि साहेबांनी ती किती रंगवली, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. मी त्यात पडत नाही. मला रस आहे तो त्यांच्या इशाऱ्यात. सगळी मंडळी गप्पा मारत बसलेली असताना म्होरक्या एक वाक्य बोलायचा आणि रुमाल चालायचे. या इशाऱ्याला झिरणी म्हणत. ते वाक्य होतं, तंबाखू आणा.

हिंगोलीसारख्या ठिकाणी हे! जिथं माणूस झोपेतून उठून पहिला शब्द तोच बोलतो. जिथं आजही कुठल्याही पारावर दर दोन मिनिटांनी कुणी ना कुणी “तंबाकू काढ रे” म्हणतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. मला वाटतं, गुप्त भाषेचं खरं कौशल्य इथं आहे. आम्ही पोरांनी न कळणारे शब्द बनवले आणि पकडलो गेलो. त्यांनी सगळ्यांना कळणारं वाक्य घेतलं, म्हणून कुणाला संशय आला नाही. तेही शंभर पावलांवर छावणीचा पहारा असताना.

रुमाल म्हणजे ठगच, असं मात्र समजू नका. जनावरांच्या बाजारात अजूनही रुमालाखाली सौदे होतात. दोघं जण उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात, चेहरे मारुतीच्या देवळातल्यासारखे निर्विकार, आणि बैलाची किंमत ठरते. बैलाच्या मालकाला त्यातलं किती कळतं हा प्रश्न विचारायचा नसतो. बोटांच्या जोडीला तोंडी भाषाही होती. तिचं नाव नंदभाषा. मोल्सवर्थच्या जाडजूड कोशातही तिची नोंद आहे. एक म्हणजे केवली. दोन, आवारू. तीन, उधानू. चार, पोकू. पाच, मुळू. सहा, शेली. सात, पवित्रू. आठ, मंगी. दहा, अंगळू. हे शब्द एका दमात मोठ्यानं म्हणून पाहा. कुठल्याही यानाच्या कॅप्टननं परग्रहावरच्या राजदूतांची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. “मुळू, शेली आणि पवित्रू खाली उतरतील, मंगी यानावरच थांबेल.”

या भाषेचा उपयोग उघड होता. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच शेठनं दिवाणजीला सांगायचं की पोकूला घेतलाय, मुळूच्या खाली देऊ नको. गिऱ्हाइकाला वाटायचं, दुकानात कुणीतरी पाहुणे आलेत.

आणि आता माझा हुकमी पत्ता. ही बाजारातली भाषा अध्यात्मात नेणारा माणूसही आमच्याकडचाच म्हणायला हवा. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. नामदेवांचं गाव नर्सी हिंगोली तालुक्यात. गुरुशिष्यांची भेट औंढ्याला झाली असं परंपरा सांगते. नामदेव देवळात गेले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून आडवे. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, जिथं पिंड नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथं पिंड. याच औंढ्याची दुसरी कथा अशी की नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागं पिटाळलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. म्हणून नंदी आजही मागच्या बाजूला. १९६६ सालच्या एंटरप्राइझला एवढं मोठं दृश्य परवडलं नसतं. त्यांचं यान खांबावर बसवलेलं लाकडी होतं, तेसुद्धा धड वळायचं नाही.

तर या विसोबांच्या नावावर नंदभाषेतला एक अभंग सांगितला जातो. वर्णन शंकराचं. पाच मुखं, तीन डोळे, दहा हात, पण सगळे आकडे बाजारी : मुळू, उधानू, अंगळू. विसोबा सराफीच्या धंद्यातले म्हणतात. आयुष्यभर गिऱ्हाइकापासून जे आकडे लपवले तेच देवासमोर मांडले. असा प्रयोग करणारा दुसरा कवी निदान मला तरी ठाऊक नाही. अमेरिकेतल्या लोकांनी ‘हॅम्लेट’ क्लिंगॉनमध्ये नेलं तेव्हा जगभर टाळ्या पडल्या. आमच्याकडं बैलाच्या सौद्याची भाषा घेऊन एक माणूस थेट महादेवाच्या दारात जाऊन बसला, आणि आमच्या दहावीच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख नव्हता.

लपवायला काही असलं की भाषा तगते, या माझ्या मताला अमेरिकेतूनही दुजोरा आहे. तिथल्या एका भाषाशास्त्रज्ञ बापानं पोटच्या पोराशी पहिली तीन वर्षं फक्त क्लिंगॉनमध्ये बोलायचं ठरवलं. आई इंग्रजी बोलायची. अडचण अशी आली की त्या भाषेत यानांची नावं भरपूर, पण कित्येक घरगुती गोष्टींना शब्दच नव्हते. पोरानं काही काळ ऐकून घेतलं आणि मग आईची भाषा धरली. शहाणं पोर. बापाशी करण्यासारखं गुपित त्या वयात काय असणार? आणि आईला कळू नये असं काही असलं तरी कैऱ्यांचा अनुभव तिथंही वेगळा आला नसता.

यंदा पुण्याहून भाचा आला होता. तो मोबाइलवर क्लिंगॉन शिकतो; २०१८पासून तशी सोय झालीय. मी त्याला म्हटलं, चल, तुला खरी भाषा ऐकवतो, आणि मोंढ्यात आयुष्य घालवून आता घरी बसलेल्या आमच्या मामांकडं घेऊन गेलो. ओट्यावर पाऊल ठेवताच मामांनी विचारलं, “काय काम काढलाव?” भाच्याचे डोळे चमकले. त्यानं माझ्याकडं बघून हळूच ‘नुक्नेख’ म्हटलं. मामा म्हणाले, “काय बोलूलालंय हे?”

नंदभाषा मामांनी त्यांच्या आज्याकडून ऐकलेली. केवलीपासून मंगीपर्यंत त्यांनी झरझर सांगितलं. नवाला थांबले. मग एक शब्द सांगितला. भाच्यानं लिहून घेतला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं तर वेगळाच शब्द. तिसऱ्यांदा तिसरा. भाचा वैतागला. मामा शांतपणे चुना मळत म्हणाले, “सगळंच सांगितलं तर तू उद्या शेजारी दुकान टाकशील.”

जाताना भाच्याला लायगोची जागा बघायची होती. औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत आरशांवर आपटणारा लेसर, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजायची. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी पहिली लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची ती खबर. (कबर म्हटलं तरी चालेल.) ११ फेब्रुवारी २०१६ला ती जाहीर झाली आणि आठवड्याच्या आत आपल्या मंत्रिमंडळानं भारतातल्या यंत्राला तत्त्वतः होकार देऊन टाकला. पैशांसह पक्की मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडला. कसलाही हादरा नको म्हणून शांत जमीन शोधत शास्त्रज्ञ आमच्याकडं पोचले. याच जिल्ह्यात वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडं जमीन अधूनमधून पोटातून गुरगुरते आणि लोक रात्री घराबाहेर येऊन बसतात. पण ते वसमतचं. औंढ्याचे लोक वसमतच्या गोष्टींची जबाबदारी कधीच घेत नाहीत.

ती लहर आवाजात बदलली तेव्हा निघाला तो एक बारीकसा ‘चिर्प’. खालच्या पट्टीतून वर जाणारा आणि सेकंदाचा पाचवा हिस्सा संपेपर्यंत विरणारा. भाच्यानं तो मोबाइलवर लावून मामांना ऐकवला होता. मामांनी तीनदा लावायला सांगितला, मान डोलावली आणि विचारलं, “एवढंच म्हनलं?” भाचा म्हणाला, एवढंच. मामा म्हणाले, “मग त्याला घासाघीस करायची न्हाई. भाव सांगून गेलं.”

खर्च किती येणार, हे मामांनी अर्थातच विचारलं. मी सांगितलं, दोन हजार सहाशे कोटी. मामांनी हातातला रुमाल झटकला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, “ह्या सौद्याला रुमाल पुरत नसतो, भाच्या. सतरंजी लागती.”